वाटी कोणापुढे धरली आहे?

एखादे चित्र पाहिले की ‘छान आहे’ किंवा ‘वाईट वाटले’ एवढे बोलून आपण पुढे जातो. पण चित्राचा अर्थ लावायचा म्हणजे नेमके काय करायचे? लहान मुलांच्या एका रेखाटनाच्या निमित्ताने आपण या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्ती. त्यांचे पती बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होते. त्यामुळे गोरगरिबांची दुखणीखुपणी त्यांनी जवळून पाहिली. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, त्यांचा धाकटा मुलगा वयाच्या १८ व्या वर्षी मारला गेला. पराभव आणि १९२३ ची भयंकर महागाई यांनी देश पिचून गेला होता. अशा वेळी त्यांनी एक भित्तिपत्रक काढले. त्यावरचे शब्द होते, ‘जर्मनीची मुले उपाशी आहेत!’

हे चित्र पेन्सिलीने काढल्यासारखे वाटते, पण आहे ते काळ्या खडूचे, शिळाछापावर छापलेले. त्यात घर नाही, रस्ता नाही, एकही मोठे माणूस नाही. आहेत ती फक्त मुले, त्यांनी वर धरलेली रिकामी भांडी आणि वर लागलेले डोळे. मुले गोजिरवाणी केलेली नाहीत आणि भेसूरही केलेली नाहीत.

‘बिचारी मुले!’ हा आपला पहिला अर्थ. तो खोटा नाही, पण तो लावला की पाहणे थांबते. जरा थांबून पाहिले तर दुसरा प्रश्न उभा राहतो. ही भांडी कोणापुढे धरली आहेत? देणारा तर चित्रात कुठेच दिसत नाही. मुले वर पाहत आहेत आणि त्यांच्यासमोर उभे आहोत ते आपण. चित्रकर्तीने मोठ्या माणसाची जागा रिकामी ठेवली आणि त्या जागी पाहणाऱ्याला उभे केले.

मात्र चित्रावरचे शब्द आपल्याला पळवाट देऊ शकतात. ‘जर्मनीची मुले’ म्हटले की त्या काळच्या कित्येकांना ‘शत्रूची मुले’ असेच ऐकू येत असणार. आपणही असेच शब्द वापरतो. बांधकामावर, वीटभट्टीवर धुळीत खेळणारे मूल दिसले की ‘परप्रांतीयांचे आहे’ असे म्हणतो आणि आपली जबाबदारी संपवतो. चेहऱ्याआधी आपण पाटी वाचतो.

सर्वांनीच तसे केले नाही. युद्ध संपल्यावर, १९२० पासून, अमेरिकेतील क्वेकर पंथीयांनी जर्मनीतील लक्षावधी मुलांना जेवण पुरवले. अमेरिका आणि जर्मनी दोनच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढत होत्या. मुलांनी हे युद्ध पुकारलेले नाही, एवढे त्यांना पुरेसे वाटले.

कोणी म्हणेल, चित्र पाहून कोणाचे पोट भरत नाही. खरे आहे. उपाशी मुलांची चित्रे पाहून डोळे पुसायचे आणि त्यातच समाधान मानायचे, हा धोकाही आहेच. म्हणून आम्हांला वाटते, अशा चित्राचा अर्थ बोलून पुरा होत नाही. आपल्या वाटेवर रोज दिसणाऱ्या एखाद्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? आज ते जेवले का, हे आपण कधी विचारले आहे का? या आठवड्यात निदान तेवढे तरी विचारू या.