जेत्यांचा न्याय

कृत्य घडून गेल्यावर केलेल्या कायद्याने दिलेल्या शिक्षेला न्याय म्हणावे का? न्यूरेम्बर्गच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर १९४६ रोजी बारा नाझींना देहदंड ठोठावला आणि आठवड्याभरात ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी केन्यन कॉलेजात या खटल्याला जाहीर विरोध केला. पूर्वलक्षी फौजदारी कायदा अमेरिकेच्या राज्यघटनेला मान्य नाही (आपल्या कलम २० मध्येही तेच तत्त्व आहे), आणि जेत्यांनी चालवलेला खटला निःपक्षपाती असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. निवडणूक महिन्यावर आलेली; स्वपक्षीयांनीही अंग काढून घेतले.

यावरचा आक्षेप जबरदस्त आहे. लाखोंची कत्तल करणाऱ्यांनी कायद्याच्या तारखा दाखवायच्या? इथे टाफ्ट यांचे पूर्ण पटत नाही, कारण खून हा सगळीकडे आधीपासूनच गुन्हा होता, आणि फाशीची शिक्षा झालेला प्रत्येक जण युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपैकी एकात तरी दोषी ठरला होता. पण याच खटल्यातल्या रुडॉल्फ हेसचे काय? या दोन्ही आरोपांतून तो सुटला; कट आणि आक्रमक युद्ध एवढ्यावरच त्याला जन्मठेप झाली आणि १९८७ मध्ये तो कैदेतच मेला. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्ध त्याज्य ठरवले होते खरे, पण त्यासाठी व्यक्तीला शिक्षा सांगितली नव्हती. शिवाय निवाडा करणाऱ्यांत १९३९ मध्ये पोलंड आणि फिनलंडवर चाल करून गेलेल्या सोव्हिएत संघाचा न्यायाधीश होता. हेसबद्दल कणव वाटायचे कारण नाही. तरी एवढ्यापुरते टाफ्ट बरोबर होते, असेच मला वाटते.

हा नुसता पक्षीय विरोध होता, असेही म्हणता येईल. पण त्याच वर्षी मे महिन्यात संपकरी रेल्वे कामगारांना सैन्यात भरती करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी मागितला, प्रतिनिधीगृहाने तो लगोलग दिलाही, तेव्हा सिनेटमध्ये आडवे आले ते टाफ्टच. पुढच्याच वर्षी कामगार संघटनांना वेसण घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा करणारे हे गृहस्थ संपकऱ्यांचे कैवारी नव्हते. सत्तेने मर्यादा ओलांडू नये, हा त्यांचा आग्रह होता. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला असता तर! १९५० पासून सिनेटर मॅकार्थी अपुऱ्या पुराव्यावर माणसांना कम्युनिस्ट ठरवत सुटले, तेव्हा टाफ्ट यांनी त्यांना पाठबळ दिले. त्या माणसांच्या नोकऱ्या आणि अब्रू गेली, तीही शिक्षाच होती. आणि त्यांच्यासाठी केन्यनसारखे भाषण टाफ्ट यांनी केले नाही.