अधिक-उणे चार

बँकेत चिकटल्यावर पहिल्याच महिन्यात मला कळले, की लहान चूक नावाची गोष्ट नसते. ताळा नऊ पैशांनी चुकला म्हणून आम्ही आठ जण रात्री साडेनऊपर्यंत लेजरं उपसत बसलो होतो. मी उदार मनाने खिशातले दहा पैसे टेबलावर ठेवले, तर सगळ्यांनी असे पाहिले, जणू मी तिजोरीच फोडली!

म्हणून एडवर्ड लॉरेन्झ हा अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ मला आमच्याच खात्यातला वाटतो. 1961 साली त्याने संगणकात .506127 ऐवजी नुसतेच .506 भरले आणि तो कॉफीला गेला. (आम्ही चहाला जातो, एवढाच फरक.) परत येऊन पाहतो, तर कागदावरचे पुढचे हवामान पार वेगळे!

मी मात्र याहून मोठे आकडे गाळले आहेत. 2002 साली नगर जिल्ह्यातल्या काकांनी एसटीडी बूथवरून विचारले, "काय रे, पेरू का?" हवामान खात्याचा अंदाज तेव्हा डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांच्या सोळा घटकांच्या मॉडेलवर निघे. पेपरात होते : देशभरात सरासरीच्या 101 टक्के, अधिक-उणे 4. मी म्हणालो, "काका, बिनधास्त पेरा. पाऊस चांगला आहे."

देशभर गेला, अधिक-उणे गेले, उरला 'चांगला'. जुलैत देशात जवळजवळ निम्माच पाऊस झाला. हंगामाअखेर भरला 81 टक्के. म्हणजे अंदाज चुकलाच. पण चूक किती होईल याचा अंदाजही चुकला! तरी मॉडेलने आपली शंका छापली तरी होती. मी ती ट्रंककॉलचे पैसे वाचवावेत तशी वाचवली. काकांची बाजरी करपली. दुबार पेरणीसाठी काकूंच्या पाटल्या आमच्याच शाखेत तारण आल्या. फॉर्म मीच भरला, व्याज दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक. काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी फोन आला. "यंदा काय म्हणतायत?" मी पेपर समोर धरून टक्के, अधिक-उणे, शक्यता, सगळे वाचून दाखवले. वर बजावले, की हे देशाचे आहे, तुमच्या सहा एकरांचे नव्हे.

काका थोडा वेळ गप्प होते.

"म्हणजे तुला माहीत नाही. मग असं सरळ सांग की लेका, मीटर पळतंय इथं!"