वेळ कुणाचा?

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलेल्या नोकरदार आईबापांना नागपुरात सगळ्यात आधी विचारलं जातं, 'मग दहावीचं काय?' या प्रश्नाचं उत्तर तसं सोपं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देते. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही लोकांच्या ओळखीचा आहे. कायदा मात्र संदिग्ध आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य ठरतं; पण ते न पाळणाऱ्या पालकाला कायदा शिक्षा सांगत नाही आणि घरी शिकवण्याबद्दल काही बोलतही नाही. होमस्कूलिंग करणारी कुटुंबं या मोकळ्या जागेतच उभी आहेत.

दहावीपेक्षा अवघड प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. यासाठी लागणारा वेळ कुणाचा?

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण या विषयात हमखास निघतं. सातवीत शाळा सुटली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश झाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीची वाट मात्र तिच्यासाठी बंद होती. हे सगळं सांगून झाल्यावर एक तपशील मागे पडतो: तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, त्यासाठी नोकरी सोडली होती. त्यांच्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे. पण त्यावरून 'आईने घरी बसावं' असा नियम काढला, तर नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात शिफ्ट करणाऱ्या किंवा दवाखान्यात ड्यूटी असलेल्या बाईला हा रस्ता पहिल्याच दिवशी बंद होतो.

नोकरी न सोडता हे जमेल का, याचा विचार करताना मला पंडिता रमाबाईंची आई आठवते. रमाबाई आठेक वर्षांच्या असताना लक्ष्मीबाई डोंगरे त्यांना शिकवू लागल्या आणि पंधराव्या वर्षापर्यंत शिकवत राहिल्या. वडील थकलेले, घरात कामाचा रगाडा. रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाला डॉ. रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे. तिच्यात लक्ष्मीबाई दिवसाची कामं सुरू होण्याआधी, पहाटे, झोपेतल्या लेकीला मायेने उठवून पाठ घेत, असं वर्णन आहे. पुस्तक नव्हतं, आई म्हणेल तेच पाठ. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या वीस वर्षांच्या मुलीला गौरवलं, तिचा पाया असा घातला गेला होता. अर्थात त्या घरात संस्कृत विद्या आधीच होती. लक्ष्मीबाईंना त्यांच्या पतीने शिकवलं होतं. ज्या घरात हे भांडवल नाही, त्या घराला शाळेचा आधार लागतो, आणि म्हणून सरकारी शाळा चांगली असण्याचा आग्रह घरी शिकवणाऱ्यांनीही सोडता कामा नये.

घरी शिकवायला सात तास लागत नाहीत. शाळेचे बरेच तास हजेरी, रांगा आणि पन्नास-साठ मुलांना सांभाळण्यात जातात. एका मुलाला अखंड लक्ष देऊन शिकवलेला तास-दीड तास भरपूर होतो. पण तो अखंड हवा, लक्ष्मीबाईंसारखा पहाटेचा, त्यात फोन नको. नव्याने सुरुवात करणारे पालक बैठकीत फळा टांगतात, तासिकांचं वेळापत्रक लावतात आणि ऑफिसच्या कॉलवर असताना मुलाला गणितं देऊन बसवतात. त्यात मुलाची शाळाही होत नाही आणि आईबापाचं कामही.

मग उरलेल्या दिवसाचं काय? उत्तर नागपूरपासून पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: हाताने करायचं उपयोगी काम हेच शिकण्याचं माध्यम. सेवाग्रामला याच पद्धतीने चालणाऱ्या शाळेत आरोग्यक्षेत्रात काम करणारे डॉ. अभय बंग शिकले. तिथली सूतकताई, शेती, स्वयंपाक मुलाला दिसतो, त्यात हात घालता येतो. लॅपटॉपवर चाललेलं आईचं काम मात्र त्याला बंद पेटीसारखं असतं. त्यामुळे 'माझं काम बघून तो शिकेल' हा घरून काम करणाऱ्यांचा भरवसा मला पोकळ वाटतो. मुलाला घरातलं खरं काम द्यावं लागतं. एप्रिलमध्ये कूलरचा वाळा बदलणं, रोज किती बादल्या पाणी लागलं ते लिहिणं, आणि जुलैत तोच कूलर थंडावा का देत नाही, याचा शोध घेणं: बाष्पीभवन आणि हवेतली आर्द्रता यात येतात. कॉटन मार्केटमधून आणलेल्या भाजीचा हिशेब त्याच्याकडे द्यावा. महिन्याच्या वीजबिलाचे युनिट त्याने मोजावेत.

हे करतानाही दिवसा मोठं माणूस घरात लागतंच. बहुतेक घरांत ती जबाबदारी आजी-आजोबांवर पडते आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांना विचारावं आणि त्यांचे तास ठरवावेत. पहाटेचा तासही एकट्या आईचा असू नये. बाबांचे वार वेगळे हवेत, आणि त्या दिवशी चहा-डबाही त्यांनीच बघायचा. मुलाला रोज संध्याकाळी मैदानावर इतर मुलं मिळायला हवीत. ते जमत नसेल, तर मी या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

आणि वर्षातून एकदा मुलालाच विचारावं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मे महिना बोलायला मोकळा असतो. त्याला परत जायचं असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आठवीपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.