उतरवलेलं पान

पुण्यात नदीकाठच्या एका मोकळ्या जागेत दर आषाढात एक ढोल-ताशा पथक सरावाला उभं राहायचं. पहिल्या दिवशी तिथं पोटरीएवढं गवत असायचं. मुलं कमरेला ढोल बांधून गवतातच उभी राहायची आणि घरी जाताना पायांना चिकटलेली कुसळं काढत बसायची.

पथकात एक म्हातारे ताशेवाले होते. त्यांना सगळे काका म्हणत. चाळीस वर्षं त्यांच्या हातात ताशाच्या काड्या होत्या. ताशा तसा लहानसा, धातूचं एक उथळ भांडं आणि त्यावर ताणलेलं पान. पण शंभर ढोल त्याच्या इशाऱ्यावर चालतात. ढोल छातीवर येतो, ताशा थेट कानात शिरतो. काकांनी तर्री धरली की मागच्या रांगेतल्या मुलाचीही पाठ आपोआप ताठ व्हायची.

काकांचा एक नियम होता. सराव संपला की ढोलाच्या दोऱ्या सैल करायच्या, ताशाचे नट अर्धा फेरा उतरवायचे, वर फडकं घालायचं, मगच घरी जायचं.

"वाद्य रात्री ताणलेलं ठेवायचं नाही," ते म्हणायचे. "त्यालाही झोप लागते."

घाईत कुणी तसंच निघालं, तर काका त्याला नदीच्या पुलावरून परत बोलवायचे.

एका वर्षी एक मुलगी ताशा शिकायला आली. हात हलका होता, लय पक्की होती. पण वाजवायला उभी राहण्याआधी तिने खिशातून दोन मऊ बोळे काढले, बोटांत वळून बारीक केले आणि कानांत बसवले. कापसाचे नव्हते ते. कापसाने आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात मिळतात ते, स्पंजासारखे, कानात जाऊन फुगणारे.

पोरं हसली. काका हसले नाहीत. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कान बंद करून ताल शिकणार? काढ ते."

तिने काढले.

त्या रात्री ती अंथरुणावर पडली आणि तिच्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. पंखा बंद करून पाहिला, खिडकी लावून पाहिली. शिट्टी बाहेर नव्हतीच. दुसऱ्या दिवशी तिने काकांना सांगितलं.

"सकाळी थांबली ना?"

"हो, थांबली."

"मग झालं तर. आता तू ताशेवाली झालीस." काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "माझी थांबत नाही. चाळीस वर्षांची कमाई आहे ती."

हे त्यांनी हसत सांगितलं. पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. २०२० साली साथ आली आणि मिरवणूक निघालीच नाही. विसर्जनाच्या दिवशी काका आयुष्यात पहिल्यांदा घरी बसले. एरवी ज्या लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवशी आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो, तिथं कावळे ओरडत होते म्हणे. काकांना कावळे ऐकू आले नाहीत. ताशा तेवढा ऐकू येत होता, खुंटीला टांगलेला, फडक्यात गुंडाळलेला. ते दोनदा उठले आणि त्याच्यावर हात ठेवून आले.

श्रावण लागला तसा काकांना ताशांचा आवाज आवडेनासा झाला. पाऊस होता, हवा ओली होती, अशा हवेत पान उतरतंच. "बसलाय ताशा. चढव," ते म्हणायचे. मुलगी पाना घेऊन नट आवळायची. "अजून." ती आणखी आवळायची. ताशाचा आवाज इतका टोकदार व्हायचा की रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागायचं. काका मान हलवायचे. त्यांना तो ताशा अजूनही ओल्या पुठ्ठ्यासारखाच वाजत होता.

आठवड्याभरात तीन पानं फाटली.

"हल्ली मालच येत नाही," काका म्हणाले आणि तणतणत पानवाल्याकडे गेले.

पानवाला त्यांचा जुना दोस्त. दोघांनी एकाच वर्षी धंद्याला हात घातला होता, एकाने वाजवायच्या आणि दुसऱ्याने वाद्यं भरून द्यायच्या. तो दुकानात पाठमोरा बसून ढोलाची दोरी ओवत होता. मागे न बघताच त्याने विचारलं, "किती पानं फाडलीस?"

"नको, पाणी प्यायलोय मी," काका म्हणाले.

पानवाल्याचा हात थांबला. तो वळून बसला, पण बोलला काही नाही. त्याने काकांचा ताशा मांडीवर घेतला, नवं पान चढवलं आणि काडीने वाजवून पाहिलं.

"आता?"

"बसलेलं आहे."

त्याने नट आवळले. "आता?"

"अजून बसलेलंच."

त्याने पुन्हा आवळले, पुन्हा वाजवलं. कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या त्याच्या नातवाने दोन्ही हात कानांवर ठेवले. काका ताशाकडे बघत होते. पानवाला नातवाकडे बघत होता. त्याने काडी खाली ठेवली.

"आता एक फेरा दिला तर हेही फाटेल," तो म्हणाला. या वेळी तो काकांच्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश बोलला. "पान चढलेलं आहे, गड्या. कान बसलाय तुझा."

काका रागाने उठले. पैसे देऊन, ताशा उचलून ते घरी आले. थोड्या वेळाने घरात करपल्याचा वास पसरला. काकू शेजारी गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या होत्या, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. पण हे काकांना आठवलं तेव्हा कुकरमधली डाळ काळी झाली होती. दहा पावलांवर कुकर होता आणि त्याची एकही शिट्टी काकांपर्यंत पोचली नव्हती.

काकूंनी भांडं घासायला टाकलं आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, मी तीन वर्षांपासून सांगतेय."

तेही काकांना ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. तिथं एका लहान खोलीत, जाड दारामागे, काकांना बसवलं. कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा.

काका दाबू लागले. थोड्या वेळाने ती दार उघडून आत आली.

"काका, मी आवाज सोडलाच नव्हता, तरी तुम्ही दाबलंत."

"अगं, माझ्या कानात एक चालूच असतो."

"तो सोडून द्या. दुसरं म्हणजे, ताल धरू नका. मी किती वेळाने आवाज सोडते त्याचा हिशेब करून तुम्ही दाबताय."

काका ओशाळले. चाळीस वर्षांची सवय होती, समेवर हात आपोआप पडत होता.

तपासणीनंतर तिने कागद समोर ठेवला. उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेघा बराच वेळ सरळ चालल्या होत्या, चार हजार हर्ट्झपाशी एकदम खाली उतरल्या होत्या आणि पुढे जाऊन थोड्या वर आल्या होत्या. रस्त्यात खड्डा असावा तशा.

"ही खूण आम्ही ओळखतो," ती म्हणाली. "फार आवाजात काम केलेल्या माणसांच्या कानात हा खड्डा असतो. कारखान्यातले येतात, बँडवाले येतात. स, श हे आवाज इथं वरच्या पट्टीत राहतात. म्हणून लोक बोलतात ते कळतं, पण काय बोलतात ते निसटतं. तुमच्या ताशाची धारही तिथंच आहे."

"पडदा फाटलाय का?"

"पडदा छान आहे. त्याच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. आवाज आला की त्या लवतात. फार आवाज झाला की आडव्या होतात. विसावा मिळाला तर पुन्हा उभ्या राहतात. पुन्हापुन्हा आडव्या झाल्या तर मरतात. माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत."

काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती आवाज म्हणजे फार?"

"पंच्याऐंशी डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास चालतील, असं धरतात. त्यावर तीन वाढले की वेळ निम्मा करायचा. अठ्ठ्याऐंशीला चार तास. एक्क्याण्णवला दोन."

काकांची बोटं मांडीवर हलू लागली. "चौऱ्याण्णवला एक," ते म्हणाले. "सत्त्याण्णवला अर्धा तास. शंभरला पाव." ते थांबले. "दुगून, चौगून, आठपट. लय चढत जाते तसं."

"हो, तसंच."

"आणि आमची मिरवणूक दहा-दहा तास चालते."

त्यावर ती काही बोलली नाही.

"मग ही शिट्टी कुठून येते? तिथं तर काही उरलंच नाही म्हणतेस."

"ज्या पेशी गेल्या त्यांच्याकडून काही येतंय का, याची मेंदू अजून वाट बघत असतो, असं मानतात. काही येत नाही, म्हणून तो कान आणखी टवकारतो आणि स्वतःचाच आवाज ऐकतो." तिने मशीनवर एकेक स्वर लावून पाहिला. एका स्वराला काकांनी हात वर केला, हाच, हाच तो. खड्डा जिथं होता त्याच्याच जवळ तो स्वर होता.

मग तिने एक गोष्ट सांगितली. ती शिकत असताना तिच्या सरांनी सांगितलेली. स्मेताना नावाचा एक संगीतकार होता, बोहेमियातला. १८७४ साली तो आजाराने दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला, काहीच ऐकू येत नसताना, त्याने आपल्या देशातल्या वल्तावा नदीवर संगीत रचलं. लोक आजही ते ऐकतात. पुढे १८७६मध्ये त्याने चार वाद्यांसाठी आपल्या आयुष्याची कहाणी रचली. तिच्या शेवटच्या भागात आनंदाने नाच चाललेला असतो आणि मधेच व्हायोलिनवर एकच उंच, लांब स्वर लागतो. बहिरा होण्याआधी त्याच्या कानात वाजायला लागलेला तोच तो स्वर.

"म्हणजे त्याने तो सगळ्यांना ऐकवला," काका म्हणाले.

"हो."

"मी लपवला."

औषध नव्हतं. यंत्र लावता येईल, बोलणं कळायला मदत होईल, शिट्टीकडे लक्ष कमी जाईल, आणि उरलेलं जपायचं, असं तिने सांगितलं. काकूंनी सगळं नीट विचारून घेतलं. काका गप्प होते.

संध्याकाळी ते सरावाच्या वेळेआधी नदीवर आले. कुणी आलं नव्हतं. ते आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खाली पाहिलं. आषाढात तिथं पोटरीएवढं गवत होतं. पहिल्या आठवड्यात ते रोज तुडवलं जायचं आणि सकाळी पुन्हा उभं असायचं. काकांनी ते पाहिलं होतं, पण त्याचा कधी विचार केला नव्हता. आता ताशांच्या रांगेखाली मातीचा एक लांबट पट्टा उघडा पडला होता. टणक, गुळगुळीत. दोन्ही बाजूंना गवत हिरवंगार होतं. पुढच्या पावसात इथंही पुन्हा उगवणार होतं.

ते बराच वेळ तिथं उभे राहिले.

पोरं जमली. काकांनी खिशातून औषधाच्या दुकानातली पुडी काढली आणि ताशा शिकणाऱ्या त्या मुलीसमोर धरली.

"हे कसे घालायचे ते दाखव."

तिने बोटांत वळून दाखवला. काकांनी घातला, तो बाहेर आला. पुन्हा घातला. पोरं हसली नाहीत. मग काकांनी पथकाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुडीतले दोन-दोन प्रत्येकाने घ्यायचे. दुसरी, दर दोन ताल झाले की वाजवणं थांबवून लांब पुलापर्यंत चालत जायचं आणि सावकाश परत यायचं. आणि हो, आदल्या रात्री ज्याच्या कानात शिट्टी वाजली असेल त्याने त्या दिवशी वाजवायचं नाही, ध्वज धरायचा.

"एवढ्याने ढोल ऐकू येतील का?" एकाने विचारलं.

"ढोल तुला पायांतून ऐकू येतो," काका म्हणाले. "न येऊन जाईल कुठे?"

आपण चामड्याला विसावा देतो, कारण नवं पान घ्यायला पैसे मोजावे लागतात. फाटलं की ते सगळ्यांसमोर, मोठा आवाज करून फाटतं. कान तसा फाटत नाही. तो फुकट मिळालेला असतो आणि गुपचूप जातो. गेलेला किती, हे माणसाला बहुधा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं, कोपऱ्यातल्या एखाद्या नातवाने कानांवर ठेवलेल्या हातांवरून.

त्या संध्याकाळी हवा ओली होती. ताशे उतरले होते. काकांनी पाना उचलला, मग थोडं थांबून तो त्या मुलीच्या हातात दिला. तिने एक नट आवळला, कडेला काडीने टिचकी मारली, दुसरा आवळला, पुन्हा ऐकलं. फिरत फिरत ती पूर्ण फेरा करून आली.

"चढला, काका."

काकांनी काडी मारून पाहिली. त्यांना तो बसलेलाच वाटला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्यांचा हात पान्याकडे गेला. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"चढला?"

"चढला."

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी ताशा गळ्यात अडकवला.