खाडीपलीकडची बोली

रेवदंड्याच्या कोटात हिंडणाऱ्याची जिज्ञासा कुणालाही उपद्रवकारक ठरत नाही. लगतचे चौल बंदर दहाव्या शतकात अल् मसूदी या अरब प्रवाशाने पाहिले होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी तेथेच उतरला. आणि १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. आता नारळीपोफळींच्या वाड्यांत पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. दगडाला कितीही निरखले तरी तो संकोचत नाही.

कुंडलिकेचे मुख ओलांडून कोर्लईस गेल्यावर मात्र पाहण्याची क्रिया इतकी निरुपद्रवी राहत नाही. किल्ल्याच्या डोंगराजवळच्या या शांत गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव बोली आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. त्यांची संख्या जेमतेम हजाराच्या आसपास. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेले आणि या बोलीचा राजाश्रय संपला. पुढची पावणेतीनशे वर्षे ती चुलीपाशी आणि शेतावर टिकली. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात तिची जडणघडण तपशिलाने मांडली आहे. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. तेव्हा तिला पोर्तुगीज सत्तेचा अवशेष म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. ती या गावाने घडविलेली वस्तू आहे.

तेथे येणारा पाहुणा सहज म्हणतो, ‘तुमच्या भाषेत काही बोलून दाखवा.’ या ‘दाखवा’मध्येच नैतिक पेच दडलेला आहे. आईने मुलाला हाक मारण्यासाठी वापरलेले शब्द परक्याच्या फर्माइशीने उच्चारले गेले की त्यांचा नमुना होतो. अभ्यासकही प्रश्न विचारतोच. परंतु तो त्या बोलीत चुकतमाकत वर्षे घालवितो आणि स्वतःचे हसे होऊ देतो. दोन तासांच्या पाहुण्याला हे मोल द्यावे लागत नाही.

याहून कठीण प्रश्न जतनाचा आहे. शाळा मराठी, बाजार मराठी. अशा स्थितीत एखाद्या बापाने मुलाशी मराठीतच बोलावयाचे ठरविले तर त्याला दोष कोणी द्यावा? बोली लोपेल याचे दुःख पाहुण्यास होणे स्वाभाविक आहे, मात्र त्या दुःखातून अधिकार उत्पन्न होत नाही. मराठी वाचकाची अडचण तर आणखी अवघड. इंग्रजीपुढे आपली भाषा क्षीण होत असल्याची खंत बाळगणारा हा वाचक कोर्लईत प्रबळ भाषेचा प्रतिनिधी असतो. ज्या युक्तिवादाने तो आपल्या नातवंडांना इंग्रजी शाळेत धाडतो, तोच युक्तिवाद येथील पालक मराठीच्या बाजूने करतो. आणि तो त्याला ऐकून घ्यावा लागतो.

ओटीवर परका आला की घर त्याच्याशी मराठीत बोलू लागते. त्यात अगत्य आहे आणि कदाचित आडपडदाही. आतल्या खोलीतून मग एखादे वाक्य ऐकू येते. ते पाहुण्यासाठी नसते.