दोन दारांच्या घरातील साक्ष

हान सुयिन हे नाव आपल्याकडे ज्यांना माहीत असते, त्यांना ते बहुधा १९५५ च्या एका हॉलिवूडपटामुळे माहीत असते. हाँगकाँगमधली युरेशियन डॉक्टर स्त्री आणि एक परदेशी वार्ताहर यांची ती प्रेमकथा बाईंच्या १९५२ सालच्या कादंबरीवर बेतलेली होती. त्या चित्रपटाविषयी आम्हाला फारसे काही म्हणायचे नाही. आम्हाला बोलायचे आहे ते १९६५ साली ‘द क्रिपल्ड ट्री’ या खंडाने सुरू झालेल्या आणि पुढे कितीतरी वर्षे चालत राहिलेल्या त्यांच्या आत्मचरित्राविषयी. त्यातला एक प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

वडील सेचुआन प्रांतातले, हक्का वंशाचे. १९०३ साली ते रेल्वेचे शिक्षण घेण्यासाठी बेल्जियमला गेले, तिथल्याच मार्गरित नावाच्या मुलीशी त्यांनी लग्न केले आणि १९१३ मध्ये तिला घेऊन चीनला परतले. हे लग्न ना गोऱ्यांना रुचले, ना चिनी नातेवाइकांना. पहिल्या खंडात एक प्रसंग आहे. घरातले तान्हे मूल आजारी पडते, युरोपीय डॉक्टरला बोलावणे जाते आणि मूल मिश्र रक्ताचे म्हणून तो यायचे नाकारतो. मूल दगावते. त्याच घरात पुढे ही मुलगी वाढली. आईच्या मायेला ती पारखीच राहिली. पंधराव्या वर्षाच्या आसपास पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात टंकलेखिका म्हणून तिने नोकरी धरली, आणि पुढे खरोखरच डॉक्टर झाली. ज्या आईने जवळ घेतले नाही, तिची बाजूही बाई या खंडात समजून घेतात, तिचे एकाकीपण तिच्या नजरेने पाहतात. हा न्याय सोपा नव्हता.

हे वाचताना आमच्या वाचकांच्या मनात काय येईल, ते आम्हाला ठाऊक आहे. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ ही शाबासकी ज्याला जन्मभर आपल्याच गावात ऐकावी लागते, आणि उर्दू सोडून हे काय लिहीत बसलास म्हणून घरचे बुजुर्ग ज्याला टोकतात, त्याला या बाईंची ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र म्हणूनच आम्हाला सावध राहावेसे वाटते. आपल्यासारखी जखम ज्याच्या अंगावर दिसते, त्याचा हिशेब आपण नरम हाताने मांडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बाईंचे पहिले पती तांग पाव-हुआंग हे कुओमिंतांगच्या सैन्यातले अधिकारी. १९४२ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, बाईंचे पहिले पुस्तक ‘डेस्टिनेशन चुंगकिंग’ आले. त्यात हे लग्न म्हणजे देशप्रेमाने भारलेल्या दोन जिवांचा संसार आहे. १९६८ साली ‘बर्डलेस समर’ या आत्मचरित्राच्या खंडात तेच लग्न पुन्हा येते, आणि आता त्यात मारहाण आहे, अपमान आहे, भीती आहे. संसार तोच, सांगणारी तीच, मधे सव्वीस वर्षे. पहिल्या पुस्तकाला खोटे म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या पाठीवरचे वळ झाकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि ते कधी उघडे करायचे हेही त्यानेच ठरवायचे.

परंतु झाकण्याची दुसरी गोष्ट अशी नाही. १९५६ पासून बाई वरचेवर चीनला जात होत्या. चाऊ एन-लाय यांच्यासारख्या नेत्यांच्या भेटी होत. १९५९ ते १९६१ या वर्षांत चीनमध्ये दुष्काळ पडला. त्याला आभाळापेक्षा ‘मोठी झेप’ या मोहिमेची धोरणे अधिक जबाबदार होती. बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत सेचुआन होता, म्हणजे बाईंच्या वडिलांचाच मुलूख. सरकारने जगासमोर दुष्काळ नाकारला, मदत मागितली नाही, उलट पहिली दोन वर्षे धान्याची निर्यात चालूच ठेवली. आणि या काळात परदेशी वकिलांनी, वार्ताहरांनी विचारले तेव्हा बाईंनीही खरे सांगितले नाही. हे आम्हाला कोणा शत्रूकडून कळलेले नाही. ‘माय हाऊस हॅज टू डोअर्स’ या १९८० च्या खंडात त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे.

का सांगितले नाही? कारण विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत त्यांना चेष्टा दिसत होती. ज्या गोऱ्यांच्या डॉक्टरने घरातल्या मुलाला मरू दिले, त्यांच्यासमोर बापाच्या देशाची भूक उघडी करायची? घरचे धुणे चव्हाट्यावर धुऊ नये, हे शास्त्र आपल्याही ओळखीचे आहे. कमजोर समाजात ते फार लवकर शिकवले जाते, आणि शिकवणाऱ्यांची भीती नेहमीच खोटी असते असेही नाही. ऐकणारा खरोखरच टपून बसलेला असतो. बाईंच्या एका शब्दाने सेचुआनात धान्य पोहोचले असते, असा दावाही आम्ही करणार नाही.

तरीही ‘घर’ म्हणजे नेमके कोण, हे विचारायला हवे. बाईंच्या मौनाने ज्याची अब्रू राखली गेली तो पेकिंगमधला सत्ताधारी होता. उपाशी मेलेल्या शेतकऱ्याची अब्रू त्या मौनात कुठेच नव्हती. त्याच्यासाठी तर ते मौन म्हणजे दुसऱ्यांदा दार बंद होणे होते. पाठीवरचे वळ बाईंचे होते, पण ही भूक बाईंची नव्हती. दुसऱ्याचे दुःख झाकायची परवानगी आपली आपणच कशी घ्यायची?

बाईंना साक्ष देण्याची हिंमत नव्हती असे कोणी म्हणू नये. दुसरे पती लिऑन कोम्बर हे मलायातल्या ब्रिटिश पोलिसांच्या स्पेशल ब्रँचमधले अधिकारी. त्यांच्याशी संसार चालू असतानाच, १९५६ साली, ‘अँड द रेन माय ड्रिंक’ ही कादंबरी लिहून बाईंनी तिथल्या ब्रिटिश दडपशाहीचे, काटेरी तारांच्या आत वसवलेल्या ‘नव्या खेड्यांचे’ वाभाडे काढले. नवऱ्याच्या सरकारविरुद्ध उभे राहायला त्या डगमगल्या नाहीत, पण बापाच्या सरकारपुढे त्यांची जीभ जड झाली. जो आपल्याला हिणवतो त्याच्याविरुद्ध बोलायला राग पुरतो. ज्याने जन्मभराच्या पोरकेपणानंतर ‘तू आमचीच’ म्हणून जवळ घेतले, त्याच्याविरुद्ध बोलायला रागाचा उपयोग होत नाही, आणि दुसरे काही बाईंपाशी त्या वेळी नव्हते.

१९६२ च्या सीमायुद्धात बाईंनी चीनची बाजू घेतली. त्या वेळी त्यांचे जिव्हाळ्याचे सोबती आणि पुढे पती असलेले व्हिन्सेंट रत्नस्वामी भारतीय लष्करातले अभियंता कर्नल होते, हे लक्षात घेतले की भारतीय वाचकाचा पारा चढतो. आमच्या मते हे वेगळे प्रकरण आहे. सीमेबाबत त्यांना जे पटले होते ते त्या बोलल्या. ते चूक असेल, पण चूक म्हणजे खोटे नव्हे. सांस्कृतिक क्रांतीची त्यांनी पाश्चात्त्य देशांत केलेली भलामण या दोहोंच्या मधे कुठेतरी पडते. तिथे माणूस किती फसला आणि किती फसू इच्छीत होता, हे वेगळे काढता येत नाही. सिमॉन लेस या चीनच्या अभ्यासकाने बाईंच्या या बदलत्या विधानांवर कठोर टीका केली आहे. तो बेल्जियन होता, म्हणजे बाईंच्या आईच्या देशाचा. दुसऱ्या दारातून आलेला हा पाहुणा बाईंना किती बोचला असेल!

आता राहिली १९८० ची कबुली. माओ १९७६ मध्ये गेले होते, आणि पेकिंगमध्येच जुन्या धोरणांची उलटतपासणी सुरू झाली होती. सत्य बोलणे स्वस्त झाल्यावर बाई बोलल्या, असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. पण तो मजकूर लिहायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. ते वगळून पुस्तक तितकेच खपले असते. लेखकाने आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने छापून ठेवावा, असे किती आत्मचरित्रांत घडते? आपल्या मराठीतल्या आत्मचरित्रांत तर स्वतःवरच्या अन्यायाचा पाढा लांब आणि स्वतः केलेल्या अन्यायाचा परिच्छेद आखूड, असाच रिवाज आहे. या कबुलीने सेचुआनचे देणे फिटत नाही. वाचकाला मात्र बाईंचा निवाडा करण्याची साधने मिळतात, आणि ती बाईंनीच दिलेली आहेत.

बाई २०१२ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. ज्यांना हे आत्मचरित्र वाचायचे आहे, त्यांनी शक्य तर १९४२ चे पुस्तक आणि १९६८ चा खंड शेजारी ठेवून आधी वाचावेत, आणि मग १९८० चा खंड हाती घ्यावा. दुष्काळाच्या वर्षांची पाने त्यात आली की मात्र थोडे सावकाश वाचावे.