एस.टी.तील आपली जागा

आम्हां वसईकरांच्या अंगणात आता बैलगाडीच्या जागी मोटार उभी असते. ती नसली तरी आमचे अडत नाही; विरारहून मुंबईस आगगाडी १८६७ सालापासून धावते आहे. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावी मात्र ना समुद्र, ना लोकल. ज्या घरी स्वतःचे वाहन नाही, त्या घराची कॉलेज, दवाखाना नि बाजार यांच्याशी गाठ एस.टी.च घालून देते. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास पहिली एस.टी. सुटली. तिकीट काढील त्याला जागा, हेच तिचे तत्त्व.

मग मोटार बाळगणे हे पाप आहे काय? खचितच नाही. दाखल्यातील शोमरोन्यानेही जखमी वाटसरूला स्वतःच्याच जनावरावर बसविले. परंतु त्याचे वाहन दुसऱ्यासाठी थांबले. आमचे थांबते काय? ऐपतदार मंडळी बसमधून उतरली की उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात. आणि गाऱ्हाणे मांडू शकणारा आवाजही त्यांच्यासोबत उतरतो. २०२१ च्या अखेरीचा एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. आमच्यापैकी कित्येकांना तो केवळ वर्तमानपत्रातून कळला. खेड्यातल्या मुलींना तो थांब्यावर ताटकळताना कळला.

आमच्या एका तिकिटाने एस.टी. तरणार नाही, हे खरे. पण जो बसने जातो, त्यालाच थांब्यावर तिष्ठणारी माणसे दिसतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी आपण मोटार घरी ठेवावी. आणि एखादी फेरी बंद होण्याचा प्रसंग आला, तर विनंती-अर्जावरील पहिली सही आपली असावी.